बसायची पाळी

आमच्या गल्लीत ‘बसणं’ या शब्दाला वेगळा अर्थ होता. ‘आज कोण बसलंय?’ असं कुणी विचारलं, की समजायचं, तुमची खोली आज कोण राखतंय ते विचारतोय. खोली कधी एकटी सोडायची नाही, हा घाटकोपरच्या आमच्या डोंगरावरचा नियम. नळावर गेलं तरी दार उघडं ठेवून, कुणीतरी आत बसवून जायचं. आमच्याकडे मी बसायचे.

कॉलेजला गेल्यावर या शब्दाने माझी पंचाईत केली. पहिल्या वर्षाला मैत्रिणींनी सिनेमाला बोलावलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, ‘नाही जमणार, मला घरी बसायचंय.’ त्या एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्यांतली एक मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, ‘अगं, महिन्यातनं किती वेळा बसतेस तू? डॉक्टरला दाखव ना!’

मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. त्या मुलींच्या घरांना कुलपं होती. कुलूप लावून निघायचं आणि परत आल्यावर घर जागेवर असायचं, याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना काय समजावणार?

माझं कॉलेज सकाळचं, सात ते साडेदहा. आई एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या पॅक करायला जायची, दुपारची पाळी. मी धावत डोंगर चढून यायचे, ती चपला घालून दारातच उभी असायची. मी आत, ती बाहेर. मग रात्रीपर्यंत मी आणि पुस्तकं. जायला जागाच नव्हती, म्हणून अभ्यास झाला. लोक म्हणतात पोरगी हुशार. हुशार होतेच, त्यात खोटा विनय कशाला? पण बाबांच्या घराण्यात आणि आईच्याही घराण्यात पहिली पदवी माझी, त्याला हे बसणंही कारण आहे. मी बी.कॉम. झाले. निकाल लागला तशी आईने कारखान्यात सांगून दिवसाची पाळी मागून घेतली. मला विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही. मी घरी होतेच.

खोलीची ही भीती कुठून आली ते सांगायला पाहिजे.

मी सातवी-आठवीत असताना आमच्या वरच्या अंगाला एक कुटुंब होतं, आमच्याच तालुक्यातलं. ते शिमग्याला सगळे गावी गेले. खोलीत लांबचा एक चुलतभाऊ बसवून गेले. बारा दिवसांनी आले तर चुलतभावाची बायको स्टोव्हवर भाकऱ्या भाजत होती. भाऊ दारात आला आणि म्हणाला, ‘खोली माझी हा.’ एवढंच. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. गल्लीतली चार माणसं मध्ये पडली, पण कागद कुणाकडेच नव्हता. गावाहून परतलेल्या त्या मूळ मालकाने ट्रंक उतरवून पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. बाबांनी त्याला पाणी नेऊन दिलं. संध्याकाळी ते कुटुंब वाकोल्याला त्याच्या मेव्हण्याकडे गेलं. पुन्हा कधी डोंगर चढून आलं नाही.

त्या दिवशी बाबा म्हणाले, ‘बसवलेलो मानूस उठणा नाय.’ हे वाक्य मग आमच्या घरात देवाच्या फोटोसारखं कायमचं लागलं.

खरं म्हणजे बाबा भित्रे नव्हते. सतराव्या वर्षी गावातून बोटीने आले तेव्हा बरोबर एक वळकटी आणि दुसऱ्याचा पत्ता. गिरणीत लागले. मुकादमाशी वाजलं म्हणून एकदा कामावरून उठून आले. आईने विचारलं, आता? तर म्हणाले, ‘हात आसत ना माझे?’ दुसऱ्या गिरणीत लागलेसुद्धा. संप झाला त्या पहिल्या दिवशी तर कांदाभजी घेऊन घरी आले होते. आठ दिवसांत मिटतलो, म्हणाले. तो मिटलाच नाही. गिरणी गेली, फंडाचे पैसे थोडे थोडे करत गेले, आईची दोन डोरली गेली. बाबा विक्रोळीच्या एका गोदामावर वॉचमन झाले, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ‘हात आसत ना’ ऐकलं नाही. राहिली होती ती ही खोली, दहा बाय बारा, वर पत्रा. विमानं उतरायला लागली की पत्रा थरथरायचा आणि आम्ही बोलणं मध्येच थांबवायचो. मग विमान गेलं की राहिलेलं वाक्य पुरं करायचं.

दाराची एक फळी खालून कुजली होती. बाबा ती बदलू देत नसत, कारण झोपड्यांच्या आधीच्या मोजणीत सरकारी माणसांनी त्या फळीवर डांबराने नंबर घातला होता. बाकीच्या फळ्या नव्या, ती एक जुनी. त्या भोकातून उंदीर यायचे.

आता मुद्द्यावर येते.

मी एक सरकारी परीक्षा दिली होती. अर्ज भरला, केंद्रावर जाऊन पेपर लिहिला आणि विसरून गेले. दीड वर्षाने रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. कनिष्ठ लिपिक म्हणून नेमणूक. ठिकाण नागपूर. पंधरा दिवसांत हजर व्हावे, न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल. पोस्टमन सही घेऊन गेला. मी ते पत्र तीन वेळा वाचलं, घडी घातली, डब्याच्या फळीवर ठेवलं आणि भात लावला.

रात्री बाबांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘नागपूर? तिथे संत्र्यांशिवाय काय असतं गं?’

‘सरकारी नोकरी असते,’ मी म्हटलं.

बाबांनी पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं बघितलं. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. ‘पर्मनंट?’ त्यांनी विचारलं.

‘पर्मनंट.’

‘पेन्शन?’

‘पेन्शन पण.’

ते खूश झाले होते. मी पाहिलं ना. पण मग त्यांनी दाराकडे बघितलं, आणि मला कळलं आता काय येणार.

त्याच महिन्यात डोंगरावर आवई उठली होती की मोजणीची माणसं पुन्हा येणार, आणि या वेळी फोटोपास देणार. खोलीचा नंबर, मालकाचं नाव, नवराबायकोचा फोटो, वर सरकारी शिक्का. असा पास असला की उद्या खोली पाडली तरी दुसरीकडे जागा मिळते, असं सगळे सांगत. आणि ज्या दाराला कुलूप दिसेल त्यावर ते खडूने ‘बंद’ लिहून पुढे जातात, असंही सांगत. कधी येणार ते कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसा येणार एवढं नक्की, आणि दिवसा आमच्या घरी मी.

मी गेले तर आईला नोकरी सोडून बसावं लागलं असतं. संपानंतर आईच्या पगारावर आमचं रेशन होतं. बाबांनी रजा मागितली असती तर गोदामवाल्याने दुसरा वॉचमन ठेवला असता. मोठी बहीण लग्न होऊन गेलेली, तिची तिला खोली राखायची.

समोरच्या खोलीत एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, गल्लीची मावशी. विधवा, साड्यांना फॉल लावून द्यायची, तोंडात सुई असली तरी तोंड चालू. तिला पत्राचं कळलं तशी दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. ‘जा गं तू. मी बसते. फॉल काय, इथे बसून लावीन नाहीतर तिथे बसून. माझं दार इथून दिसतंच.’

‘बाबांना नाही चालणार, मावशी.’

‘का? मी खोली घेईन म्हणून? अगं, माझीच मला उरकत नाही. तुझ्या बापाला सांग, तुझी खोली घेऊन मी ठेवू कुठे, डोक्यावर?’

मी बाबांना तसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘बाई चांगली आसा. तो चुलतभाव पण चांगलोच होतो.’

मी अर्ज लिहायला बसले. अर्ज लिहिणं हे माझं काम. गल्लीतल्या प्रत्येक घराचे मी लिहायचे. नळाचे, रेशनकार्डात नाव चढवायचे, शाळेच्या दाखल्याचे. बायका मुलांना दटावायच्या, ‘ताईसारखा शिक जरा.’ पन्नाशीचे पुरुष मला अहो-जाहो करायचे. तर मी माझ्याचसाठी अर्ज लिहिला, घरगुती अडचणीमुळे मुदत वाढवून मिळण्याबाबत. अक्षर चांगलं काढलं. मला वाटलं होतं, उत्तर येणार नाही. सरकार कुठे उत्तर देतं? मुदत टळेल, प्रकरण संपेल, आणि कुणाचाच दोष नसेल.

उत्तर आलं. अकराव्या दिवशी. दोन ओळी. एक महिन्याची मुदतवाढ देण्यात येत आहे, यानंतर मुदतवाढ मिळणार नाही.

मी ते वाचलं आणि मला आनंद झाला नाही. काहीच झालं नाही. पाय बधीर होतो तेव्हा चिमटा काढून बघतो, तसं मी पत्र परत वाचून बघितलं. तरी काही नाही.

मुदतीतले अठरा दिवस उरले होते तेव्हा मोजणीवाले आले. मंगळवार होता, साडेअकराचा सुमार. खालच्या गल्लीतून आरोळी आली, ‘आले, आले!’ आणि सगळा डोंगर दारात उभा राहिला. तिघे होते. एकाच्या हातात लांब रजिस्टर, एकाकडे टेप, तिसरा नुसताच घाम पुसत होता. कुजक्या फळीवरचा नंबर त्यांनी वाचला. जुन्या यादीत सापडला. टेप धरली. रजिस्टरवाल्याने वर न बघता विचारायला सुरुवात केली. कुटुंबप्रमुख कोण, किती वर्षं राहता, माणसं किती.

‘तुम्ही काय करता?’

‘बी.कॉम. झालेय.’

‘ते नाही हो. काम काय करता?’

‘घरी असते,’ मी म्हटलं.

त्याने ‘घरकाम’ लिहिलं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तीन काना-मात्रांच्या चुका असलेलं ते रजिस्टर. सहा-सात मिनिटांत सगळं झालं. फोटोला कधी यायचं त्याची चिठ्ठी देऊन ते मावशीच्या दाराशी गेले. मावशी त्यांना विचारत होती, ‘फोटोत एकटीला घेता की जोडी आणावी लागते?’ तिघेही हसले. मी दार लोटून घेतलं आणि तशीच उभी राहिले.

रात्री बाबा आले. चिठ्ठी हातात धरून दिव्याखाली गेले. ‘झालां?’

‘झालं.’

ते खाली बसले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि इतकं मोकळं बोलताना मी त्यांना संपानंतर पहिल्यांदा बघत होते, ‘मगे आता जा तू. तिकीट काढूया. मी येतय सोडूक, गोदामवालो काय करतलो तां करू दे. तुझी आवस दुपारची पाळी घेयत. सकाळची ती बसात, दुपारची मावशीक सांगूया.’

म्हणजे त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. मावशीसकट. वरून विमान गेलं, आम्ही थांबलो. पत्रा शांत झाला तेव्हा बोलायची पाळी माझी होती.

मी म्हटलं, ‘पास हातात येऊ दे.’

‘तेका वरीस लागात.’

‘लागू दे. नुसत्या चिठ्ठीवर काय भरवसा? उद्या यादीतून नाव गळलं तर?’

आई पोळपाटावरून वर बघायला लागली. बाबांना वाद घालता आला असता. पण मी जे बोलत होते ते त्यांचंच होतं, शब्दन् शब्द. स्वतःच्या बोलण्याला माणूस काय उत्तर देणार? ‘बरां,’ म्हणाले, आणि जेवायला बसले.

मी असं का म्हटलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तेव्हा केला नव्हता. तेव्हा ते तोंडातून आलं, जसं दाराचा आवाज झाला की ‘कोण?’ येतं. आता सांगू शकते. डोंगरावर मी ताई होते. शिकलेली, जिच्याकडे कागद घेऊन यायचे ती. नागपुरात मी शेवटच्या टेबलावरची नवी पोरगी झाले असते. माझं टायपिंग कच्चं होतं. बोलीवर हसले असते. सहा महिन्यांत कुणी म्हटलं असतं की हिला काही येत नाही, तर? एवढी वर्षं राखलेली ती एकच गोष्ट होती माझ्याकडे, की मला येतं. बाबांना खोली जाईल याची भीती होती, मला हे जाईल याची. खोलीत बसून राहिले तर मला कुणी नापास करू शकत नव्हतं. आणि खोलीची भीती इतकी मोठी आणि इतकी सगळ्यांना माहीत असलेली होती, की तिच्या आड माझी सहज मावली.

अठरा दिवस गेले. कसे गेले ते सांगता येणार नाही, कारण काही घडलंच नाही. पाणी भरलं. भाजी चिरली. एकाचा रेशनकार्डाचा अर्ज लिहून दिला. शेवटच्या दिवशी सकाळी मावशी फॉलची साडी खांद्यावर टाकून आली.

‘अगं, आता काय? नंबर लागला ना? तरी नाही जात?’

मी म्हटलं, ‘बाबा नको म्हणतात.’

फार सहज म्हटलं. सुई ओवावी तसं. मावशी म्हणाली, ‘वाट लावली रे बापाने पोरीची,’ आणि निघून गेली. दोन दिवसांत ते सगळ्या डोंगरावर झालं. नळावरच्या बायका बाबा दिसले की आवाज खाली करायच्या. पानाच्या टपरीवर एकाने त्यांना तोंडावर ऐकवलं, म्हणे, शिकवलंत कशाला मग? बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. मला वाटलं, हे माझ्याच तोंडून गेलंय ते त्यांना कळलं नसेल. कळलं होतं.

पास पुढे वर्ष-सव्वा वर्षाने आला. मला तोपर्यंत मुलुंडला एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात बिलं करायची नोकरी मिळाली होती. मी जायला लागले तेव्हा दिवसा मावशीच बसायची, बाबांच्या डोळ्यांदेखत. खोलीचं काही झालं नाही. मी त्या कंपनीत चांगलं काम केलं, हेही लिहून ठेवते. टायपिंग दोन महिन्यांत आलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. मुदत टळली तो मार्च. मे महिन्यात मामा गावाहून आला, आईचा थोरला भाऊ. सरळ बोलणारा माणूस, गावात सगळे त्याला वचकून असत. बातमी गावापर्यंत गेली होती. हातपाय धुऊन तो बाबांच्या समोर बसला आणि मी स्टोव्हवर चहा ठेवला.

‘भावोजी, वायट नको मानून घेव,’ मामा म्हणाला, ‘पण तुमी चूक केलात. चेडवाक इतक्या शिकवलात, सरकारी नोकरी दारात इली, आणि ह्या चार पत्र्यांसाठी तिका घरात बसवन ठेवलात? गावात माका लोक इचारतत. काय सांगू मी?’

आईने तांदूळ निवडायचे थांबवले. मोजणीवाले आले त्या रात्री ती तिथेच होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोलेन म्हणून बघत होती. मामाच्या पाठीमागे मी उभी, हातात सांडशी. एकच वाक्य होतं. ‘मामा, बाबा जा म्हणाले होते.’ पाच शब्द. तोंडात जुळलेसुद्धा होते.

पण मामासमोर मी भाची होते, बी.कॉम. झालेली. तो गावात माझं नाव सांगायचा.

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग मामाला म्हणाले, ‘काय सांगतलात? सांगा, बापाशीक भ्या वाटलां. माकाच भ्या वाटलां. चुकलां माझां.’

मामा ‘हं’ म्हणाला. चहा उतू यायला आला होता. मी स्टोव्ह बंद केला, तीन कप मांडले आणि मामाला विचारलं, साखर किती घालू.

‘जास्त घाल,’ तो म्हणाला.

मी जास्त घातली.